टिटवी कंपनीच्या दीक्षाताई

लॅपविंग म्हणजे आपली टिटवी. व्हिडिओ गेम विकणाऱ्या कंपनीने आपलं नाव टिटवी ठेवावं, हे दीक्षाच्या सासूबाईंना नागपूरहून फोनवर काही केल्या पटेना. "आपण शकुन-अपशकुन मानत नाही, ते खरं," त्या म्हणाल्या, "पण मोर होता, पोपट होता. टिटवीच सापडली का त्यांना?"

दीक्षाला नाव काहीही चाललं असतं. लग्न होऊन इंग्लंडात मेडनहेडला आल्याला दोन वर्षं झाली होती. नवरा प्रमोद सकाळी साडेसातला स्लाउच्या ट्रेनने कामावर जायचा आणि ती शेजारणीचं मांजर आज कोणत्या कुंपणावर बसलंय हे बघत दिवस काढायची. नागपूरच्या बी.कॉम.ला इथे कोणी विचारत नव्हतं. १९९६च्या मार्चमध्ये लॅपविंग गेम्सने तिला फोनवरून ऑर्डरी घेण्याच्या कामावर ठेवलं, तेव्हा तिने आयुष्यात एकही व्हिडिओ गेम खेळलेला नव्हता. पुढे सत्तावीस वर्षं तिने ते विकले, पण खेळण्याचं काही तिला जमलं नाही.

काम सांगायला सोपं होतं. समोर दुकानांची यादी, हातात फोन. "गुड मॉर्निंग, लॅपविंगमधून बोलतेय," असं म्हणायचं आणि पुढच्या शुक्रवारी येणाऱ्या गेमचे किती खोके पाठवू, ते विचारायचं. नवा गेम दुकानात शुक्रवारी येतो, म्हणून सगळा आठवडा शुक्रवारकडे तोंड करून बसलेला असे. दुकानदारांना तिचं नाव घेता येईना. कुणीतरी "डिक्सी" म्हणालं आणि तेच चिकटलं. ब्रायटनपासून ब्रिस्टलपर्यंत ती डिक्सी झाली. पण आवाज मात्र तिच्या लक्षात राहत. कोणाचा खोकला जुना, कोणाच्या मागे कुत्रा भुंकतो, कोण सोमवारी फाडून खातो आणि गुरुवारी देवमाणूस असतो, हे तिला सहा महिन्यांत पाठ झालं.

पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या 'गेम्स कॉर्नर'ला तिने पहिला फोन केला तेव्हा पलीकडचा आवाज तिचं सगळं बोलणं ऐकून म्हणाला, इंग्रजीतच, "नाव काय सांगितलं?"

"डिक्सी."

"ते नाही. आईबापानं ठेवलेलं."

"दीक्षा."

पलीकडे एकदम नागपूर. "जय भीम, ताई. मी हरिदास नगराळे, नागपूरच्या इंदोऱ्याचा. बोला, काय विकून राहिल्या तुम्ही?"

दीक्षाने त्या दिवशी काय विकलं ते तिला आठवत नाही. फोन ठेवल्यावर ती टॉयलेटमध्ये जाऊन दोन मिनिटं उभी राहिली, एवढं आठवतं.

हरिदासभाऊ तिच्याहून तेवीस वर्षांनी मोठे. एकाहत्तर साली ते आले ते डॅगनमच्या मोटारीच्या कारखान्यात. सोळा वर्षांनी कारखान्याने माणसं कमी केली त्यात ते गेले, आणि हातात आलेल्या पैशातून त्यांनी इल्फर्ड लेनवर हिंदी सिनेमांच्या व्हिडिओ कॅसेटी भाड्याने द्यायचं दुकान टाकलं. कॅसेटींचं पाणी ओसरतंय हे त्यांना इतरांच्या दोन वर्षं आधी समजलं. एका भिंतीवरचे सिनेमे काढून त्यांनी तिथे गेम लावले, मग दुसऱ्या भिंतीवरचे. गेमचं त्यांना वेडच लागलं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवून खेळत बसत, म्हणून कोणता गेम कोणाला द्यावा हे त्यांना नेमकं समजे. "तुला हा नाही जमणार," असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा दुकानदार दीक्षाने दुसरा पाहिला नाही.

तीन वर्षांनी कंपनीने दीक्षाला गाडी दिली आणि फिरतीवर पाठवलं. ते दिवस आठवले की आजही तिचा चेहरा उजळतो. हिरवी व्हॉक्सहॉल, डिकीत पोस्टरांच्या गुंडाळ्या, आणि मागच्या सीटवर दुकानाच्या दारात उभा करायचा पुठ्ठ्याचा माणूसभर उंच योद्धा. तो वळणावर पुढे कोसळायचा, म्हणून ती त्याला सीटबेल्ट लावायची. एकदा रेडिंगजवळ पोलिसाने गाडी थांबवली, मागे वाकून पाहिलं आणि योद्ध्याला सॅल्यूट ठोकून तिला जाऊ दिलं. दुकानात शिरलं की नव्या छपाईचा वास यायचा. कोणत्या फळीवर आपला खोका लागतो यावर सगळा खेळ होता, डोळ्यांच्या रेषेत लागला तर जिंकलो, गुडघ्याशी गेला तर मेलो. त्या एका फळीसाठी ती केक घेऊन जायची, दुकानदारांच्या मुलांच्या परीक्षांची चौकशी करायची. शुक्रवारी ती मुद्दाम गाडी ऑफिसात ठेवून बसने घरी येई. वरच्या मजल्यावर कोणीतरी हमखास नवा खोका फोडून आतलं पुस्तक वाचत बसलेलं असे. घरी जाऊन खेळ लावेपर्यंत त्यांना धीर नसायचा. ती मागच्या सीटवरून गुपचूप बघायची. तिला वाटायचं, हे आपण केलं.

दोन हजार सातमध्ये ऑफिसात ईशिता आली. पुण्याचे आईवडील, जन्म एडिनबराचा, वय तेवीस, आणि मराठी अशी की त्यात बायकांचे पुरुष होत आणि पुरुषांच्या बायका. ऑफिसात ती सगळ्यांसारखी "डिक्सी" म्हणे, पण दोघीच असल्या की "मावशी". दीक्षा तिच्यासाठी डब्यात जास्तीचं वांग्याचं भरीत आणायची. गेमची माहिती ठेवणारी, नवं शोधून आणणारी म्हणून ईशिताला घेतलं होतं, आणि तिने शोधून आणला 'ग्रे फेरी'.

एडिनबराच्या बंदराकडे एका जुन्या गोदामात चार जण मिळून तो गेम बनवत होते. एका बेटावरची फेरीबोट. तुम्ही तिचे कॅप्टन. बंदुका नाहीत, जिंकणं-हरणं नाही. वर्षभर माणसांना या तीरावरून त्या तीरावर न्यायचं, हवा बघायची, आणि ती माणसं जे बोलतील ते ऐकायचं. ईशिताने तो दीक्षाला दाखवला तेव्हा दीक्षाला त्यातलं काही समजलं नाही, पण ईशिताचा चेहरा समजला.

जानेवारी दोन हजार आठ. विक्रीप्रमुख माल्कमच्या खोलीत मीटिंग बसली. माल्कम गोल पोटाचा, मनाने मोठा, तीस वर्षं दुकानं पाहिलेला माणूस. ईशिताने मांडलं की हा गेम खोक्यात घालूच नये. थेट लोकांच्या कॉम्प्युटरवर डाउनलोड करून द्यावा, पहिल्याच दिवशी, आणि स्वस्त. ना डिस्क छापायची, ना फळीसाठी भांडायचं.

"आज हा छोटा गेम," माल्कम म्हणाला. "उद्या दुकानवाले म्हणतील, मोठेही तसेच विका आणि आमच्या फळीवरून उतरा. मोठ्या दुकानांचे खरेदीवाले मला आत्ताच डोळे वटारून दाखवतात. डिक्सी, तू सांग. रोज तू बोलतेस त्यांच्याशी."

सगळ्यांचे डोळे तिच्याकडे वळले. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत तिला कोणी मत विचारत होतं. तिच्यासमोर एकदम हरिदासभाऊ आले, आणि ब्रायटनचा खोकला, आणि कुत्रेवाला.

"माणूस एक गेम घ्यायला जातो आणि दुसराच घेऊन येतो," ती म्हणाली, "कारण काउंटरमागच्या माणसाने त्याला सांगितलेलं असतं. कॉम्प्युटर कोणाला ओळखत नाही. दुकानाला डावलून आपण विकायला लागलो तर आज चार पैसे वाचतील. दहा वर्षांनी आपल्या गेमबद्दल लोकांना सांगणारं कोणी उरणार नाही."

दोघातिघांनी टेबलावर थापा मारल्या. माल्कमने ठरवून टाकलं. यापुढे लॅपविंगचा प्रत्येक गेम आधी खोक्यात येईल, डाउनलोड चार आठवड्यांनी, आणि खोक्यापेक्षा एक पेनीही स्वस्त नाही. 'ग्रे फेरी'लाही तोच नियम. दुकानांनी मिळून तीन हजार खोक्यांची ऑर्डर दिली तर छापू, नाहीतर गेमच काढणार नाही.

ऑफिसच्या किचनमध्ये ईशिता केटलकडे बघत उभी होती. केटल कधीच बंद झाली होती.

"रागावलीस?" दीक्षाने विचारलं.

"नाही. तुमचा बोलणं चांगला होता, मावशी. सगळ्यांना पटला." तिने कप उचलला आणि परत ठेवला. "पण तुम्ही दुकानांची बाजू घेतला. गेमची बाजू कोण घेणार?"

दीक्षा म्हणाली, "मी घेते. तीन हजार ना? आणते."

आणि तिने जीव तोडून प्रयत्न केला, हे ईशिताही नाकारत नाही. पाच आठवडे ती 'ग्रे फेरी' घेऊन दारोदार फिरली. "यात मारामारी कुठे आहे?" असं जिथे तिथे विचारलं गेलं. ब्रायटनवाल्याने खोकत खोकत दोन घेतले, तिच्यासाठी. मोठ्या दुकानांच्या खरेदीवाल्यांनी नमुना परत पाठवला. एकट्या हरिदासभाऊंनी डिस्क दुकानातल्या मशीनला लावली आणि दोन तास कोणाशी बोलले नाहीत. दीक्षाने त्यांच्या वतीने तीन गिऱ्हाइकांना थांबवून ठेवलं. शेवटी त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.

"ही हिरव्या कोटातली बाई, ताई. रोज बोटीत बसते, कोणाशी बोलत नाही, तिकडे उतरत नाही. परत येते. कोण आहे ती?"

"मला काय माहीत, भाऊ? नमुन्यात एवढंच आहे. पूर्ण गेममध्ये कळेल."

"दहा पाठवा. सांगून सांगून विकेन."

सगळे मिळून सहाशे खोकेही झाले नाहीत. गेम निघाला नाही. गोदामातले चौघे पांगले. एक एडिनबराच्या बँकेत लागला, एक बाई हॉस्पिटलच्या ऑफिसात, दोघांचं काही समजलं नाही. ईशिताने मे महिन्यात राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तिने डबा घासून परत दिला आणि दीक्षाला मिठी मारली. त्या मिठीत तक्रार नव्हती, त्यामुळे दीक्षाला ती आणखीच लागली.

दोन वर्षांनी हरिदासभाऊंच्या दुकानाचा भाडेकरार संपत आला. मालक दहा वर्षांची सही मागत होता. दीक्षा नेहमीप्रमाणे ऑर्डर घ्यायला गेली तेव्हा त्यांनी तिला काउंटरसमोरच्या स्टुलावर बसवलं आणि हातात चहाचा मग दिला.

"टिटवीनं समुद्र आटवला म्हणतात, ताई. तुमच्या टिटवीचं काय चाललं? मी एकदा कॅसेटी जाताना पाहिल्या. तेव्हा माझं मला समजलं होतं. आता वय झालं, कानाला आवाज येत नाही. तुम्ही आतल्या गोटात आहात. समुद्र येऊन राहिला का?"

"काही येत नाही, भाऊ," दीक्षा म्हणाली. "खोका कुठेही जात नाही. करा सही."

ती खोटं बोलली नव्हती. तिला तसंच वाटत होतं. ऑफिसात दर सोमवारी पडद्यावर एक चित्र दाखवलं जाई, त्यात खोक्यांचा खांब छतापर्यंत आणि शेजारी 'इतर' नावाचा एक बुटका ठिपका. वर्षानुवर्षं तेच चित्र. तो ठिपका बुटका राहावा म्हणून डाउनलोड महाग आणि उशिरा ठेवलंय, हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि मनावर घेणं यांत फार अंतर असतं.

हरिदासभाऊंनी सही केली.

त्यानंतरची वर्षं दीक्षाला गावांच्या नावांनी आठवतात. न्यूबरी गेलं. बेझिंगस्टोक गेलं. ब्रायटनचा खोकला गेला, दुकानही आणि माणूसही, एकाच हिवाळ्यात. कुत्रेवाल्याने दुकान विकून पबमध्ये काम धरलं. फोनची यादी चार पानांची होती ती एका पानावर आली. माल्कम निवृत्त झाला. त्याच्या निरोपाच्या पार्टीत तो दारूच्या भरात नव्हे, अगदी शुद्धीत म्हणाला, "आपण दहा वर्षं दरवाजा धरून ठेवला, डिक्सी. लोक खिडकीतून निघून गेले." लॅपविंग एका मोठ्या कंपनीने घेतली. सोमवारच्या चित्रात ठिपक्याचा खांब झाला आणि खांबाचा ठिपका. नव्या साहेबांनी दीक्षाला काढलं नाही, कारण उरलेल्या दुकानांशी बोलायला कोणीतरी लागत होतं. मागच्या सीटवर आता पुठ्ठ्याचे योद्धे नसायचे. पुढे गाडीही नसायची.

मग महामारी आली. दुकानं बंद, लोक घरात, आणि डाउनलोडचे आकडे आभाळाला भिडले. दीक्षा डायनिंग टेबलावर बसून ज्या दुकानांना फोन करायची तिथे कोणी उचलत नसे. हरिदासभाऊ मात्र घरच्या फोनवरून बोलायचे. करार संपला होता, मालक आता वर्षावर्षाने वाढवून देत होता. रोज काय खाल्लं, गुडघा कसा आहे, नागपुरात कोण गेलं, एवढंच बोलणं होई.

दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये ईशिताची मेल आली. तेरा वर्षांनी. 'ग्रे फेरी' पूर्ण झाला होता. चौघांपैकी दोघांनी, बँकेतल्याने आणि हॉस्पिटलवाल्या बाईने, रविवार-रविवार बसून तो संपवला होता आणि ईशिता आता स्वतःच्या छोट्या कंपनीतून तो काढत होती. फक्त डाउनलोड. खाली मराठीत, इंग्रजी अक्षरांत एक ओळ होती, 'मावशी, तुम्ही बघाल ना?'

दीक्षाने फोनच केला. एवढी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य तिने इकडचं तिकडचं न बोलता सांगून टाकलं. "ईशिता, त्या दिवशी मी चुकले."

ईशिता म्हणाली, "मला माहीत नाही, मावशी. तेव्हा निघाला असता तर कदाचित कोणी खेळला नसता. असं पण होऊ शकता. पण ते आम्हाला कळायला हवा होता ना? आम्हाला कळलाच नाही." ती हसली. "तुम्ही पाच आठवडे फिरला. माझ्या बाजूने एवढा कोणी फिरला नाही. हे पण मी विसरला नाही."

दीक्षाने हरिदासभाऊंना सांगितलं. त्यांनी नात मायराला कामाला लावून घरच्या कॉम्प्युटरवर गेम उतरवून घेतला. तीन आठवड्यांनी दुपारी त्यांचा फोन आला.

"समजलं, ताई. हिरव्या कोटाची बाई."

"कोण आहे?"

"कोणी नाही हो. तिचं तिकडे कोणी नाही, इकडे कोणी नाही. तिला फक्त पाण्यावर असायला बरं वाटते. शेवटी सांगते ती. दुकानात असताना मला हे दहा जणांना सांगता आलं असतं. आता कोणाला सांगू? म्हणून तुम्हाला फोन केला."

हा गेम किती विकला गेला, ते ईशिताने कधी सांगितलं नाही आणि दीक्षाने विचारलं नाही. पण ईशिताने तिसरा गेम काढला तेव्हा दीक्षाला समजलं की कंपनी चालली आहे.

दोन हजार तेवीसच्या उन्हाळ्यात नव्या साहेबांनी ठरवलं की दिवाळी-नाताळच्या मोठ्या गेमच्या डबीत डिस्क नसेल. डबी दुकानात मिळेल, आत एक कागद, कागदावर अक्षरं-आकडे, ते टाकून गेम डाउनलोड करायचा. दुकानांना तसं कळवायचं काम दीक्षाचं. सगळ्यांना तिने मेल केली. इल्फर्डला ती स्वतः गेली, व्हाइटचॅपलला ट्रेन बदलून, पिशवीत नमुन्याची डबी घेऊन.

हरिदासभाऊंनी डबी उघडली. कागद काढला, उलटा करून पाहिला, डबी कानाशी धरून हलवली.

"भाऊ," दीक्षा म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं, खोका कुठे जात नाही. दहा वर्षांची सही करायला लावली तुम्हाला. तेव्हाच दुकानाचं दुसरं काही केलं असतं तुम्ही. मशीन दुरुस्ती, काहीही. तुम्ही कॅसेटींच्या वेळी केलं होतं तसं."

"सही मी केली, ताई."

"माझ्या शब्दावर."

"हो, तुमच्या शब्दावर." त्यांनी ते नाकारलं नाही. "पहिली दोन-तीन वर्षं मला राग आला होता. तुमच्यासमोर दाखवला नाही. तुमचा फोन आला की बायकोला उचलायला सांगायचो, दुकानात नाही म्हणून." ते काउंटरवर हात टेकून उठले. "पण खरं विचाराल तर मला दुसरं काही करायचंच नव्हतं. मला इथंच बसायचं होतं. तुम्ही 'सही करू नका' म्हणाल्या असत्या, तर मी दुसऱ्या कोणाला विचारलं असतं, 'करा' येईपर्यंत." मग त्यांनी कागद नीट घडी करून डबीत परत ठेवला आणि डबी तिच्या हातात दिली. "ही नको. कागद विकायला मी पोस्टात बसलो नाही. ऑक्टोबरमध्ये बंद करतो."

दीक्षाला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट बऱ्याच वर्षांनी मोकळं वाटलं. दोघांनी समोरच्या दुकानातून समोसे आणले आणि ब्रायटनवाल्याच्या गोष्टी काढून हसत बसले.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी 'गेम्स कॉर्नर'समोर रांग लागली. दीक्षा सकाळी अकराला पोचली. रांगेत चाळिशी उलटलेले पुरुष, काहींच्या सोबत बायका आणि पोरं. एक जण मँचेस्टरहून आला होता. वीस वर्षांपूर्वी 'तुला हा नाही जमणार' असं ज्याला भाऊंनी सांगितलं होतं, तो सांगायला आला होता की जमला. कोणी जुनं पुस्तक आणलं होतं, त्यावर भाऊंची सही हवी म्हणून. त्यांनी ती दिली, मराठीत. मायरा पैसे घेत होती आणि मधूनमधून डोळे पुसत होती. भाऊंचा गुडघा दुपारपर्यंत सुजला, तेव्हा त्यांनी स्टूल दाराशी ओढून घेतलं आणि दीक्षाला म्हणाले, "ताई, तुम्ही उभ्या राहा काउंटरवर."

ती आत गेली. सत्तावीस वर्षांत काउंटरच्या या बाजूने दुकान कसं दिसतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या फळ्यांची तोंडं गिऱ्हाइकाकडे होती, तिच्याकडे पाठी.

नर्सच्या गणवेशातली एक बाई आली. जवळच्या हॉस्पिटलमधून, शिफ्ट संपवून. तिने एक डबी पुढे केली. लॅपविंगचाच गेम होता, आठ वर्षांपूर्वीचा. "भावासाठी आहे," ती म्हणाली. "पाय मोडून घरी बसलाय. हा कसा आहे?"

दीक्षाच्या तोंडाशी कंपनीची सगळी वाक्यं आली. याचं रसभरीत वर्णन तिने त्या वर्षी चारशे दुकानांना ऐकवलं होतं.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "मी खेळलेली नाही."

नर्स हसायला लागली. दारातून हरिदासभाऊ ओरडले, "भावाला राग लवकर येतो का?"

"खूप."

"मग हा नको. खालच्या फळीवर निळा आहे तो द्या, ताई. गुडघ्याच्या उंचीवर."

दीक्षा वाकली. निळी डबी पार मागे गेली होती, तिच्यावर धूळ होती. तिने ती ओढणीने पुसली, पिशवीत घातली आणि नर्सच्या हातात दिली. लाखो खोके विकले असतील तिने. गिऱ्हाइकाच्या हातात स्वतःच्या हाताने दिलेला हा पहिलाच. नर्स "थँक यू, लव्ह," म्हणून गेली, आणि बसस्टॉपवर उभी राहून तिने पिशवीत पुन्हा एकदा डोकावून पाहिलं, ते दीक्षाने काचेतून पाहिलं.

जानेवारीत दुकानांचा विभागच बंद होणार होता आणि दीक्षाचं टेबलही जाणार होतं, ते तिला त्या दिवशी ठाऊक होतं. प्रमोदला तिने सांगितलं होतं, भाऊंना नाही. त्यांच्या शनिवारात तिला आपलं काही घुसडायचं नव्हतं.

साडेपाचला शेवटचा माणूस गेला. मायराने दिवे बंद केले. भाऊंनी बाहेर येऊन शटरच्या दांडीला हात घातला, पण गुडघा त्यांना वाकू देईना, म्हणून दीक्षाने दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून ओढलं. शटर अर्ध्यावर येऊन अडकलं, वर जाईना, खाली येईना. शेवटी शेजारचा मटणवाला ॲप्रनला हात पुसत आला, भाऊंना बाजूला व्हायला सांगून त्याने खालच्या पट्टीला एक सणसणीत लाथ घातली आणि ते धाडकन खाली आलं.